प्रमाणपत्रावर कोणतं नाव हवं?

दसरा उलटला की आमच्या धाड गावच्या हवेत सोयाबीनची धूळ उडायला लागते. मळणीयंत्रं रस्त्याच्या कडेला उभी राहतात, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावर भुसा उडवतात, आणि आमच्या वाचनालयाचं सकाळी पुसलेलं टेबल दुपारपर्यंत पुन्हा खरखरीत होतं. ऊन असं की सावलीतही कपाळ तापावं, आणि पहाटे मात्र गोधडी सोडवत नाही. गावाबाहेरच्या शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग सुरू होतं. गावातल्या निम्म्या बाया मग सकाळ-दुपार त्या हिरव्या जाळीखालीच असतात.

मला हे दिवस फार आवडायचे. पीक घरात येत असतं, दिवाळी तोंडावर असते, माणसं जरा मोठ्यानं बोलतात. गेल्या वर्षापासून मात्र सोनं वाटून झालं की मला चैन पडत नाही. यंदाही तेच. वाचनालयाच्या पायरीवर कोणाच्या चपला वाजल्या की मी मान वर करून बघते, आणि वर्तमानपत्र चाळायला आलेले पेन्शनर दिसले की पुन्हा खाली घालते.

क्रॉसिंग म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. कंपनीला मिरचीचं संकरित बी हवं असतं. त्यासाठी दुपारनंतर उद्या उमलणारी कळी शोधायची, चिमट्यानं ती अलगद उघडायची आणि आतले निळसर परागकोश काढून टाकायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कळीला दुसऱ्या जातीच्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधला ते फळ बियाण्याचं. जी कळी नजरेतून सुटून आपली आपण उमलली, ती तोडून फेकायची. ही शेवटची गोष्ट मला पहिल्यापासून जराशी क्रूर वाटत आलेली आहे, पण कामच तसं आहे. कळी आज हातातून गेली तर उद्या नसते, त्यामुळे त्या चाळीस-पन्नास दिवसांत बाया लग्नाला जात नाहीत, दवाखान्यात जात नाहीत, फार काय, आजारीसुद्धा पडत नाहीत.

या बायांपैकी एक कावेरी. शांताबाईंची सून. वय पंचविशीच्या आतलं, बोटं लांब आणि भलती चपळ. तिच्या ओळीतल्या कळ्या गळत नाहीत, असं कंपनीचा साहेबही म्हणायचा. लग्नाआधी ती लोणारची निकिता होती. बारावी सायन्स झालेली. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत अजून आहे. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, पेढे वाटतात, आणि अक्षता वाळायच्या आत जुनं नाव माहेरी परत जातं. तांदळात 'कावेरी' लिहिलं गेलं, ती कावेरी झाली. पुढे सरपंचाच्या दाखल्यावर आधार कार्डावरही तेच चढलं. मी तरी कोण वेगळी? नांदुऱ्याची मंदा मी, धाडला येऊन सुनीता झाले, त्यालाही आता तीस वर्षं होतील. मंदा म्हणणारी माणसं आता दोनच उरली आहेत आणि दोघांनाही कमी ऐकू येतं.

नांदुऱ्याची आठवण निघाली की मला पोस्टातलं पार्सल आठवतं. शाळा सुटल्यावर माझं लग्न लांबलं होतं, कॉलेज काही जमलं नव्हतं, आणि कोणीतरी सांगितलं की पोस्टानं पुस्तकं मागवून घरबसल्या ग्रंथालयाचा कोर्स करता येतो. पुस्तकं यायची खाकी कागदात, सुतळीनं बांधलेली. रेल्वेगाडी गेली की तासाभरानं पोस्टमन यायचा, मी दारात उभी. त्या पुस्तकांत शंका विचारायला एक पिवळं कार्ड असायचं. मी त्यावर बारीक अक्षरात तीन शंका लिहून पाठवल्या होत्या. दीड महिन्यानं उत्तर आलं, हातानं लिहिलेलं, खाली सही, आणि शेवटी 'अक्षर चांगले आहे' असा शेरा. कोण होते ते गृहस्थ, मला कधीच कळलं नाही. पण ते कार्ड मी लग्नात सोबत आणलं आहे.

म्हणून इंटरनेटवर जगभरातले कोर्स फुकट शिकता येतात हे कळलं तेव्हा मला भरून आलं होतं. कोणीही या, फी नाही, वयाची अट नाही, घराबाहेर पडायला नको. वाचनालयात एक जुना कॉम्प्युटर होता, त्यावर आतापर्यंत फक्त सातबारे आणि निकाल निघायचे. मी दारावर पाटी लावली: 'येथे मोफत ऑनलाइन शिक्षणाची नोंदणी करून मिळेल.' पाटीचं अक्षर माझंच होतं. चार-पाच मुली आल्या. कोणी शिवणकामाच्या डिझाइनचा कोर्स घेतला, कोणी इंग्रजी बोलण्याचा. त्या बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गळाल्या. कावेरी गळाली नाही.

तिला रोपांच्या पैदाशीचा कोर्स हवा होता. का, तेही तिनं पायरीवरच सांगून टाकलं होतं.

"ताई, कंपनीचा साहेब म्हणे गावातलीच एखादी पोरगी पाह्यजे नेट तपासाले. कळी बरोबर काढली का, दोरा बरोबर बांधला का, ते पाहाचं. पण म्हणे हातात कागद पाह्यजे. मले समजते हो सारं, पण कागद नाई माह्यापाशी."

आठ-दहा शेडनेटांची तपासणी, स्वतःची वही, वर्षभराचं काम. दुसऱ्याच्या ओळीत वाकण्याऐवजी ओळीच्या टोकाला उभं राहून बघायचं. एवढंच तिला हवं होतं. कोर्स पुरा करून शहरात जाऊन एक परीक्षा द्यायची, पास झालं की कागद मिळणार.

आषाढातली दुपार होती ती. वीज जाईल म्हणून आम्ही घाईत फॉर्म भरत होतो. मोबाइल नंबर विचारला तेव्हा ती अडखळली. घरात फोन एकच, तिचा नवरा संतोषचा, तो बाजार समितीत गेला की फोनही जाणार, आणि नंबर ऑफरप्रमाणे बदलणार. मी म्हटलं, माझा टाकू. मेलचा पत्ताही माझाच टाकला. पासवर्ड मीच ठरवला. कामाला उशीर नको, पोरीला त्रास नको. स्वतःच्या चांगुलपणावर मी त्या दिवशी बरीच खूश होते, हे आता लिहिताना कान गरम होतात.

मग तो रकाना आला. यंत्रानं केलेल्या मराठीत लिहिलं होतं: 'प्रमाणपत्रावर तुम्हाला कोणतं नाव हवं आहे?'

कावेरीनं ते दोनदा वाचलं. मला म्हणाली, "मले इचारून राह्यलं का हे?"

"तुलाच. दुसऱ्या कोणाला विचारणार?"

"कोन्तंबी चालते?"

"तुला पाहिजे ते."

ती खुर्चीत जरा पुढे सरकली आणि दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तिनं माहेरचं नाव टाईप केलं. निकिता, वडिलांचं नाव, आडनाव. मी बाजूला बसून बघत होते. मला ते फार आवडलं. मंदालाही कोणी असं विचारायला हवं होतं, असं काहीतरी मनात येऊन गेलं. माझं काम होतं विचारायचं, की बाई, तुझ्या कार्डावर कोणतं नाव आहे? मी विचारलं नाही. इथं एका बाईला दोन नावं असतात यात आम्हाला वावगं काही दिसतच नाही, आंधळ्या झालो आहोत आम्ही त्या बाबतीत.

त्यानंतरचे दोन-तीन महिने मला अजून दिसतात. दुपारी जेवणं आटोपली की ती यायची, पदरानं कॉम्प्युटरचा पडदा पुसायची आणि कानात वायर घालायची. पडद्यावर निळ्या शर्टातले, पांढऱ्या दाढीचे एक प्राध्यापक यायचे. ते सुरुवातीला हात जोडून नमस्कार करायचे. कावेरी प्रत्येक वेळी उलट नमस्कार करायची. एकदा मी हसले तर म्हणाली, "हसू नका ताई. सर हायेत माहे."

सर इंग्रजीत बोलायचे. खाली मराठी अक्षरं उमटायची, तीही यंत्राचीच. एकदा त्यात आलं, 'आता या दोन वनस्पती ओलांडा.' कावेरी हसून हसून टेबलावर पडली. "ओलांडा म्हन्ते! बांध हाय का तो? क्रॉस करा म्हन्ते हो, क्रॉस." जे शब्द यंत्रानं बिघडवले ते तिच्या बोटांनी दुरुस्त केले. ती बारावीची मुलगी, इंग्रजी अडखळत वाचणारी, पण कळीच्या आतलं चित्र पडद्यावर आलं की तिला शब्द लागायचेच नाहीत. लोणारच्या सरोवराच्या काठावर लहानपणी ती उभी राहायची म्हणे. बाहेरदेशचे लोक बाटल्यांत पाणी भरून न्यायचे, चिठ्ठ्या चिकटवायचे, वहीत काही लिहायचे. "मले वाटे, आपल्या गावचं पानी आपल्यालेच काऊन नाई समजत," असं ती एकदा म्हणाली होती. हे वाक्य मी त्याच दिवशी माझ्या डायरीत लिहून ठेवलं.

त्या कोर्सात शंका विचारायची एक जागा होती. कावेरीनं तिथं मराठीत लिहिलं, की आभाळ भरून आलेल्या दिवसांत क्रॉस केलेली मिरचीची फुलं तिसऱ्या दिवशी गळतात आणि नुसता दोरा राहतो, याला काय करावं. खरी शंका होती, शेतातली होती, बियाण्यावर पोट असलेल्या सगळ्या गावाची होती. ती रोज येऊन आधी ते पान उघडायची. उत्तर आलं नाही. वीसेक दिवसांनी खाली एक ओळ दिसली. कोणा विद्यार्थ्यानं लिहिलं होतं, 'मलाही हीच शंका आहे.' तेवढ्यावर ती खूश झाली. मला मात्र पिवळं कार्ड आठवलं. हजारो माणसांना एकदम शिकवायचं तर कोण कोणाचं अक्षर पाहणार, हे मला समजतं. दार सगळ्यांना उघडं आहे हे खरंच आहे. पण आत जाऊन हाक मारली तर ओ देणारं कोणी नाही, ही गोष्ट माझ्या पाटीवर लिहिलेली नव्हती.

परीक्षेची तारीख आली ती नेमकी क्रॉसिंगच्या ऐन भरात. संभाजीनगरला जायचं, सकाळच्या बसनं निघून दुपारी परत. म्हणजे आदल्या दुपारी उघडून ठेवलेल्या कळ्यांना सकाळी पराग कोण लावणार? एक सकाळ चुकली की दोन दिवसांची मेहनत जमिनीवर. मला वाटलं, आता घरात रामायण होणार. शांताबाईंना समजवायला म्हणून मी मुद्दाम त्यांच्याकडे गेले. त्या ओट्यावर मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मी बोलायला सुरुवात केली तशी त्यांनी हात हलवला.

"समजलं मले. नेटातली तिची वळ मी घेतो."

"तुम्ही? तुम्हाला तर बारीक दिसत नाही शांताबाई."

"मंग शिकून राह्यली ना मी. आठ दिस झाले. तिनंच शिकवलं." मग चिमटा माझ्यासमोर धरून म्हणाल्या, "सून पेपरले जाईन अन् कळ्या वाया जातीन, असं व्हाले नको. लोक तिलेच बोलतीन."

सासवांविषयी माझ्या मनात काय काय भरून ठेवलेलं असतं, ते त्या दिवशी मलाच दिसलं.

परीक्षेच्या दिवशी मी कावेरीसोबत गेले. पहिल्या बसची खिडकी मिळाली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापसाची पहिली बोंडं फुटलेली, कुठे मळणीयंत्र धडधडत होतं. ती मांडीवरच्या कागदात डोळे घालून ओठ हलवत होती. मी तिची पिशवी सांभाळत होते. पिशवीत हॉलतिकीट होतं, मीच छापून दिलेलं, त्यावर निकिता. आणि आधार कार्ड होतं, त्यावर कावेरी. दोन्ही मी माझ्या हातानं एकावर एक ठेवली होती.

कॉलेजच्या फाटकाशी यादी घेऊन एक तरुण मुलगी बसलेली होती. तिनं हॉलतिकीट पाहिलं, कार्ड पाहिलं, पुन्हा हॉलतिकीट पाहिलं.

"या कोण?"

"मीच," कावेरी म्हणाली.

"आणि निकिता?"

"मीच."

ती मुलगी वाईट नव्हती. आतल्या साहेबांना विचारून आली. लग्नाचा दाखला आहे का, नावबदलाचं राजपत्र आहे का, निदान बारावीची मार्कशीट? मार्कशीट लोणारला, माहेरच्या पेटीत. बाकीचं काही कधी काढलेलंच नव्हतं. मी मध्ये पडले, मोठ्यानं बोलले, मी ग्रंथपाल आहे, मी ओळखते हिला, असलं काहीबाही सांगितलं. ग्रंथपालाला कोण विचारतो? "मॅडम, फोटो जुळतो, पण नाव जुळत नाही. माझ्या हातात काही नाही." आत घंटा झाली. फाटक लागलं.

कावेरी रडली नाही. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं, मी पाठीवरून हात तरी फिरवला असता. बसस्टँडवर बाकावर बसून आम्ही भाकरी खाल्ली. तिनं ठेचा चाटून पुसून संपवला. मग घड्याळाकडे बघत सासूची आठवण काढून म्हणाली, "आत्याबाईची वळ झाली असन आता. डोये दुखत असतीन त्याईचे."

तीनच्या सुमारास आम्ही धाडला उतरलो. ती घरी गेलीच नाही. पिशवी माझ्या हातात देऊन सरळ नेटकडे चालू लागली, कारण उद्याच्या कळ्या उघडायची वेळ झाली होती. साडी तीच, परीक्षेची, इस्त्री केलेली.

पंधरा दिवसांनी मी माझ्या मेलची साफसफाई करत होते. त्या कोर्सवाल्यांची मेलं मुंग्यांसारखी यायची. तिसरा आठवडा उघडला आहे, चाचणी बाकी आहे, अभिनंदन, आपण मागे पडत आहात. चार-पाच मुलींची सगळी माझ्याचकडे. गळालेल्या मुलींचीसुद्धा. मी ती वाचायचं कधीच सोडून दिलं होतं. त्या ढिगात एक मेल निघालं, परीक्षेच्या महिनाभर आधीचं. त्यात लिहिलं होतं की नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव एकच असावं, वेगळं असल्यास अमुक तारखेपर्यंत दुरुस्त करता येईल. खाली दुरुस्तीचं बटण होतं. मी ते दाबून पाहिलं. मुदत संपलेली होती.

मी कोणाला सांगितलं नाही. कावेरीला तर नाहीच. कंपनीनं बाहेरगावचा एक पदवीवाला मुलगा तपासणीला नेमला. चांगला पोरगा होता, पण मिरचीची कळी त्यानं चित्रातच पाहिलेली. तो कावेरीच्या ओळीपाशी येऊन विचारायचा, ही आज घ्यायची का उद्या? आणि ती सांगायची. हे मला बायांनी हसत हसत सांगितलं. कावेरी वाचनालयात येईनाशी झाली. मी दारावरची पाटी काढली नाही, पण कोणी विचारलं तर कॉम्प्युटर बिघडलाय म्हणू लागले.

असं एक वर्ष अंगावर वागवता येतं. भाजी चिरताना, झोपताना, पुस्तकांवर नंबर टाकताना ते सोबत असतं. कधी वाटायचं, दोष त्या यंत्राचा, जे आधी प्रेमानं विचारतं की नाव कोणतं हवं, आणि मग फाटकाशी दुसरंच मागतं. कधी वाटायचं, दोष तांदळातल्या त्या अंगठीचा. खरं म्हणजे ते दोन्ही होतंच. पण बटण माझ्याकडे होतं, महिनाभर होतं, आणि मी मेल उघडलं नाही. शिक्षण सगळ्यांसाठी मोकळं झालं म्हणून मी गावभर सांगत फिरले आणि किल्ली माझ्याच कमरेला लावून ठेवली.

यंदा आषाढात नवी नोंदणी सुरू झाल्याचं मेल आलं. हे मात्र मी पूर्ण वाचलं. दोन दिवस तळमळले आणि तिसऱ्या दिवशी छत्री घेऊन शेडनेटवर गेले. कावेरी रोपं लावत होती, कोपरापर्यंत चिखल. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मेल आलं होतं, मी वाचलं नाही, बटण होतं, वर्षभर लपवलं.

ती ऐकत होती. हातातलं रोप लावून झालं, भोवतीची माती दाबून झाली.

"पासवर्ड काय हाय?" तिनं विचारलं.

मला आधी समजलंच नाही.

"त्या कोर्साचा. माह्या नावाचा जो तुमी टाकला होता थो."

मी सांगितला. कावेरी, आणि पुढे एक दोन तीन. सांगतानाच माझ्या लक्षात आलं. त्याच दिवशी, त्याच खुर्चीत, तिनं निकिता लिहिलं होतं आणि शेजारी बसून मी मात्र कावेरी टाईप केलं होतं.

ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "थो मी पयले बदलीन. अन् नंबरबी. माहा फोन घेतला मी." मग हाताचा चिखल झटकून, "चहा ठेवला असन घरी आत्याबाईनं. पिऊन जा."

रागावली होती का? होती. असायलाच हवी होती. चहा मात्र मी प्यायले, शांताबाईंनी दिलेला, दूध घालून.

तेव्हापासून तिचं एकही मेल माझ्याकडे आलेलं नाही. गळालेल्या मुलींची मेलं अजून येतात, आपण मागे पडत आहात म्हणून बजावतात, आणि ती सगळी आता मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचते. कावेरीनं पुन्हा नाव घातलं की नाही, सर अजून नमस्कार करतात की नाही, मला काही कळायला मार्ग नव्हता. विचारायचा हक्क मी गमावला होता.

आज सकाळी मात्र राहवलं नाही. वाचनालय उघडायच्या आधी नेटच्या बाजूनं गेले. दव अजून जाळीवर होतं, आत हिरवा उजेड, मिरचीच्या पानांचा उग्र वास, बाया वाकलेल्या. कावेरीच्या ओळीत शांताबाई होत्या. नाकावर नवा चष्मा, कमरेला लाल दोऱ्याचं रीळ.

"कावेरी कुठंय?" मी विचारलं.

शांताबाईंनी मान वर केली नाही. "निकिता पेपरले गेली."

घरात ते नाव मी कधी ऐकलं नव्हतं.

"कार्डावर... कार्डावर तेच नाव घेतलं का मग?"

"नाई न. मी म्हतलं तिले, तुह्यं नाव पाह्यजे तुले, तर आपुन कार्ड बदलून घेऊ. संतोष जाईन तालुक्याले. थे म्हणे, नाई आत्याबाई, कार्ड बदलता बदलता हाबी बहार जाईन निंगून. कंपनीले औंदा आखीन एक मानूस पाह्यजे." त्यांनी कळीला पराग लावला, फुंकर न घालता, श्वास धरून. "कावेरीच टाकलं तिनं फार्मात. मंग मी म्हतलं, कागदावर जे असन थे असो. घरी मी म्हनत जाईन निकिता."

गेल्या वर्षी तिला विचारलं होतं, तुला कोणतं नाव हवं. या वर्षी तिनं फाटकाला जे हवं ते लिहून दिलं. आणि कागद आलाच, तर त्यावर माझ्या पासवर्डातलं नाव असेल.

"किती वाजता येईल?"

"तीनच्या गाडीनं. दुपारच्या कळ्या थेच घेईन म्हने." शांताबाईंनी रीळ कमरेचं सोडलं आणि माझ्यासमोर धरलं. "उभ्या काऊन राह्यल्या ताई? पराग लावला त्याले दोरा बांधत चाला. माहे डोये नाई पोचत दोन्हीकडं."

मी पिशवी खाली ठेवली, चष्मा पुसला आणि तिच्या ओळीत वाकले.